दोन इंचांची रेघ

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी चष्मा पुसला असशील आणि मग पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. मास्तरांची शाळा चालू आहे. लेक हॉस्टेलवर आहे, तिची परीक्षा एप्रिलमध्ये. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? लायब्ररीचा तो जिना अजून दिवसातून दहा वेळा तूच चढतेस, की आता कुणाला तरी पाठवतेस?

फोन का नाही केला असं वाटेल तुला. फोनवर तू प्रत्येक गोष्टीची सुरुवात "अगं, काही नाही" अशी करतेस. शिवाय तुझ्यामागे कोण उभं आहे ते मला दिसत नाही, आणि माझ्यामागे कोण उभं आहे ते मला पक्कं माहीत आहे. कागदावर खोटं लिहायला माणसाला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच दे. घरच्या पत्त्यावर नको, कारखान्याच्या पत्त्यावर. आमच्याकडे काज-बटणाच्या मशीनवर एक जण बसते, तिला सगळे काजवाली म्हणतात, तिच्या हातात पडेल आणि ती मला देईल. तिला वाचायचा भयंकर कंटाळा आहे, त्यामुळे ती भरवशाची.

काम ठीक चाललंय. सध्या दवाखान्यांच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आहे. हिरव्या कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी पॅटर्न ठेवायचा, खडूने रेघा मारायच्या आणि मशीन फिरवायचं. एकदा हात चुकला की एकदम साठ चुका. म्हणून मी काय करते ते तुला माहीत आहे. नव्या ताग्याच्या कोपऱ्यातला तुकडा आधी कापते, भिजवते, वाळवते, इस्त्री करते, उलटा करून उजेडात धरते. आटतं का, रंग सोडतं का, कडेला उसवतं का. त्याशिवाय मी कापडाला कातर लावत नाही. परवा मालकीणबाई म्हणाल्या, "कटरबाई, तुमचा स्वतःच्या नवऱ्यावर तरी विश्वास आहे का?" मी म्हटलं, "अजून भिजवून बघितला नाही." सगळा कारखाना हसला. मीही हसले.

कातडीचं जसं होतं तसंच आहे. सतराव्या वर्षी आलेला सोरायसिस एकोणतीस वर्षांनी कुठे जाणार. कोपरं, पाठ, कानामागे, आणि आता पोटावर डाव्या बाजूला दोन चट्टे. दर रविवारी ती गोळी, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. हिरव्या कापडावर माझा पांढरा कोंडा फार उठून दिसतो. टेबलावर एक ब्रश ठेवलाय. थर अंथरायचे, ब्रश मारायचा, पुन्हा अंथरायचे.

आता मुद्दा.

दीड वर्ष झालं, मला फार रक्त जातंय. महिन्यातले दहा-बारा दिवस. सोनोग्राफीत पिशवीत गाठी दिसल्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरात आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं, तोपर्यंत त्या म्हणत होत्या की गोळ्यांनी बघू, घाई नाही. रिपोर्ट आणायला मास्तर एकटेच गेले. अर्ध्या तासाचं काम, परत आले अडीच तासांनी. म्हणाले, "काही नाही, सगळं ठीक आहे." आणि त्याच संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "पण काढून टाकलेली बरी, नाही का? कशाला त्रास काढायचा?"

सगळं ठीक आहे, तर काढायची कशाला? रिपोर्ट मागितला तर म्हणतात शाळेच्या कपाटात राहिला. ज्या माणसाने लग्नातली सनईवाल्याची पावती अजून फायलीत लावून ठेवली आहे, तो माझा रिपोर्ट शाळेत विसरतो! शंकेची पाल चुकचुकणार नाही तर काय होईल? त्या दिवसापासून हे माझ्याशी इतकं गोड बोलतात की मला मळमळतं. बावीस वर्षांत कधी मोजे उचलून ठेवले नाहीत, आता माझ्या पाठीला मलम लावू का विचारतात. डॉक्टरीणबाईही बदलल्या. पूर्वी "बघू" म्हणायच्या, आता मास्तरांना फोन करून "कधी येताय" विचारतात. त्यांनी माझं पोट नीट बघितलेलं नाही, पाठ तर नाहीच नाही. माझ्या कातडीला जिथे चीर पडते तिथे काय होतं हे त्यांना कुठे माहीत आहे? सहा वर्षांपूर्वी मनगटावर कातर लागली होती, आठवतं? जखम भरली आणि बरोबर तिच्यावर चट्टा उगवला, सरळ रेघेत, आखून दिल्यासारखा. तो अजून आहे. पोटावर तसाच आला तर? टाके फाटले तर? परकराची नाडी कुठे बांधायची, आयुष्यभर?

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. आईचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तिला तू घेऊन गेलीस, कागदांवर सही तू केलीस, आणि मला कळलं ते सगळं उरकल्यावर. त्यानंतर आई कधी सावरलीच नाही. दीड वर्षात गेली. हृदयाने गेली, असं तू सांगितलंस आणि मी मान डोलावली. गेली चार वर्षं आपण वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरत्या बहिणी आहोत, त्याचं कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही, आणि दोघींनी ते उच्चारलेलं नाही.

मला एवढंच सांग. आईला ते ऑपरेशन लागणारच होतं का? की तिच्याशीही कुणीतरी असंच गोड बोललं?

माझ्या परीने मी एक छोटी तपासणी लावली आहे. निकाल यायला दोन आठवडे लागतील. कसली ते आत्ता विचारू नकोस.

गुडघ्यांना जप.

तुझी
धाकटी बहीण


२० फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. पत्र पोचलं नाही असं म्हणू नकोस, रजिस्टरने पाठवलं होतं. तुझ्या सहीची पोचपावती माझ्या पर्समध्ये आहे. तुझी सही मी कुठेही ओळखेन, आईच्या कागदांवर बघितली आहे.

इथे काय चाललंय ते ऐक. गेल्या आठवड्यात सोमवारी वन्सं बॅग घेऊन आल्या. मास्तरांची मोठी बहीण, जी आमच्याकडे दोन दिवसांच्या वर टिकत नाही कारण आमच्या गाद्या कडक आहेत. आता दहा दिवस झाले, गादीबद्दल चकार शब्द नाही. मी न्हाणीघरात गेले की बाहेर येऊन बसतात. पाच मिनिटं झाली की "झालं का गं?" दहा झाली की दार वाजवतात. आणि घरातली कातर गायब आहे. माझी स्वतःची, दहा इंची. शिवणाच्या डब्यातली टाके उसवायची टोकदार उसवणीही नाही. दाढीचं ब्लेड नाही. भाजी चिरायची सुरी वन्संच्या कमरेला लटकत नाही एवढंच. मी विचारलं, तर म्हणतात, "कातर ना? धार लावायला दिली." कोणाला दिली? मी कटर आहे. या गावात धार लावणारे दोघे आहेत आणि दोघेही मला मावशी म्हणतात. दोघांकडेही नाही.

रविवारी मास्तर गॅलरीत उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. एवढंच ऐकलं: "नाही, तिला काही बोललो नाही अजून. अंगावर उठेल तिच्या." पलीकडे बाईचा आवाज होता. क्षणभर मला भलतंच वाटलं. खरं सांगते, या वयात, त्या टकलासकट! हसू नकोस. मग पलीकडची बाई खोकली. दोनदा बारीक आणि मग एकदा मोठ्याने. असं या जगात एकच माणूस खोकतं आणि ते माझ्यासोबत एका पांघरुणात वाढलं आहे.

म्हणजे तूही त्यांच्यात आहेस.

ठीक आहे. सगळ्यांनाच माझ्यामागे बोलायचं असेल तर मीही एक गोष्ट सगळ्यांच्यामागे केली आहे, ती तुलाच सांगते. बाकी कुणाला सांगायची सोय उरलेली नाही.

एक फेब्रुवारीला सकाळी मास्तर शाळेत गेल्यावर मी उसवणी पाण्यात उकळली. बेंबीच्या चार बोटं खाली, जिथे कातडी स्वच्छ आहे तिथे, खडूने दोन इंचांची रेघ आखली आणि तिच्यावरून उसवणीचं टोक ओढलं. खोल नाही. मांजराने ओरखडा काढावा तेवढं. चार थेंब रक्त आलं. पट्टी लावली आणि कामाला गेले. त्यात वेडेपणा काहीच नाही, ताई. मनगटाची कातडी वेगळी, पोटाची वेगळी, आणि आता गोळ्याही चालू आहेत, तेव्हा नव्हत्या. मग पोटावर उठतं की नाही हे कसं कळणार? साठ थर कापायच्या आधी कोपऱ्याचा तुकडा कापून बघतात. मी तेच केलं.

अकराव्या दिवशी रेघ गुलाबी झाली. चौदाव्या दिवशी हाताला उंच लागली. काल बघितलं तर तिच्यावर पांढरा पापुद्रा धरलाय. अगदी दोन इंच, ना कमी ना जास्त. निकाल लागला. हे कापड कापण्यालायक नाही.

मी सुटले. खरंच सांगते, मला रडू यायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. आता कुणीही कितीही गोड बोललं तरी माझ्याकडे दाखवायला पुरावा आहे.

पण एक गोष्ट त्यात बसत नाहीये. मंगळवारी कारखान्यात मी थरांवर मशीन फिरवत होते. एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सरकला. बाह्यांच्या वळणावर इंचभर आत कापलं गेलं, साठ थरांतून. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. खाली बघितलं तर स्टुलावर रक्त होतं. काजवालीने आपला एप्रन सोडून माझ्या कमरेला बांधला आणि माझ्या मागे चिकटून, दोघी एकच बाई असल्यासारखं, मला न्हाणीपर्यंत नेलं. मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता मला मुख्य टेबलावरून काढून गळपट्ट्या कापायला बसवलंय, "बरं वाटेपर्यंत".

घरी आल्यावर एप्रन धुतला आणि गच्चीवर इतर कपड्यांच्या आत, मधल्या दोरीवर वाळत घातला. कुणाला दिसू नये म्हणून. दीड वर्ष मी असंच करते आहे. मास्तरांना मी खऱ्याच्या निम्मंसुद्धा सांगत नाही.

आईचं काय झालं ते मला सांग. या वेळी नाही सांगितलंस तर मी पुन्हा विचारणार नाही, आणि शुभेच्छाही पाठवणार नाही.

बहीण


२५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही कारण तुझ्या नवऱ्याने माझ्याकडून शब्द घेतला होता. दुसरं वाचल्यावर मी तो शब्द मोडते आहे. त्यांना फोन करून तसं सांगितलंय. ते रडले.

तुझा डिसेंबरचा रिपोर्ट ठीक नाही. कॅन्सर नाही, हे नीट वाच. पण अस्तरातल्या पेशी बदलल्या आहेत, आणि तशाच राहू दिल्या तर त्या तिकडे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टरीणबाई घाई करत आहेत. त्यांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं की हे पेशंटला समजलंच पाहिजे, तिला घेऊन या. ते म्हणाले, मी हळूहळू सांगतो, तिला धक्का बसला की अंगावर उठतं. त्याला दोन महिने झाले.

आता आई. आईची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती आणि तिला पुन्हा रक्त जायला लागलं. तिने ते कुणालाही सांगितलं नाही, दोन वर्षं. कपडे पहाटे धुवून इतर कपड्यांच्या आत वाळत घालायची. मधल्या दोरीवर. तुझं पत्र वाचताना मी त्या ओळीवर थांबले आणि लायब्ररीतून उठून घरी आले. मला कळलं तेव्हा तिला नेलं, सही केली, पिशवी काढली. तिला कॅन्सर होता आणि तो पिशवीबाहेर गेला होता. ऑपरेशनने तिला काही केलं नाही. उशिराने केलं. हृदयाचं मी तुला खोटं सांगितलं.

का, तर तिने मला शपथ घातली होती. "धाकटीला कळू देऊ नकोस. तिच्या अंगावर उठेल." आपल्या घरात हे तू सतरा वर्षांची असल्यापासून चालत आलंय. बाबांची नोकरी गेली तेव्हा तुला सुट्टी म्हणून सांगितलं. माझं लग्न मोडायला आलं होतं तेव्हा मी सहा महिने "माहेरपणाला" आले होते. तू लहान नव्हतीस, तुला काहीतरी कळत असणार. आम्ही म्हणायचो, हिचा स्वभावच संशयी आहे.

मास्तरांनी तुझ्या पोटावरची चीर न्हाणीच्या दाराच्या फटीतून बघितली. त्यांना वाटलं तू स्वतःला इजा करून घेते आहेस. म्हणून वन्सं, म्हणून कातर. त्यांना चाचणी वगैरे सुचणं शक्य नव्हतं. मला सुचायला हवं होतं. मीही घाबरले.

माझ्यावर रागाव. पण डॉक्टरकडे जा.

ताई


१० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मला काजवालीने दुपारी जेवणाच्या सुट्टीत दिलं. मी ताग्यांच्या खोलीत, हिरव्या कापडाच्या ढिगामागे बसून वाचलं. तीनदा वाचलं. मग कापडात तोंड खुपसून रडले. आधी आईसाठी, मग तुझ्यावर चिडून, आणि शेवटी कशासाठी ते मलाच कळेना. आई दोन वर्षं कपडे लपवत होती आणि मी दर आठवड्याला तिच्याशी बोलत होते. ती मला विचारायची, "मलम लावलंस का?" मी विचारायचे, "तू बरी आहेस ना?" ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय!"

तुझ्यावर मी रागावले आहे. चार दिवस तुला लिहायला बसले आणि प्रत्येक वेळी कागद फाडला. आजही राग पूर्ण गेलेला नाही, तो असू दे, तो माझा हक्काचा आहे. मला आईचा शेवट माहीत असता तर मी तिच्यापाशी येऊन राहिले असते. तिच्या पायाशी बसले असते. अंगावर उठलं असतं तर उठलं असतं. आणि ताई, तरी उठलंच ना! ती गेल्यावर पाठीवर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. बाबांची "सुट्टी" चालू होती तेव्हा माझं डोकं चट्ट्यांनी भरून गेलं होतं. तुमचं न सांगणं मला एकदाही लागू पडलं नाही. घरात काहीतरी आहे एवढं मला नेहमी कळायचं, काय आहे ते कळायचं नाही. मग मी तुकडे जोडून स्वतःच काहीतरी शिवत बसायचे आणि ते नेहमी खऱ्यापेक्षा वाईट व्हायचं. तुझ्यावर ऑपरेशनचा आरोप ठेवला तो त्यातलाच.

घरी गेले तेव्हा मास्तर पेपर तपासत होते. मी म्हटलं, "रिपोर्ट द्या." त्यांनी तो लगेच काढून दिला. आठवीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात, मधोमध ठेवला होता. माझ्या हाती लागू नये म्हणून ज्या जागेला मी कधीच हात लावत नाही ती जागा शोधली होती. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "हे मला दोन महिने आधी कळायला हवं होतं."

"हो."

"मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आलाय. मला वाटलं काहीतरी भानगड आहे."

"माझी?" म्हणाले, आणि ताई, इतक्या रडकुंडीतही त्यांचा हात टकलावर गेला. मग मी साडी सरकवून त्यांना रेघ दाखवली आणि ती का काढली ते सांगितलं. उसवणी, खडू, सगळं. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "मला वाटलं तू..." एवढंच म्हणाले. मी त्यांना जवळ घेतलं. वन्सं दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मग आता मी माझ्या गादीवर जाऊ का?"

मी बाकीचंही सांगितलं. दीड वर्षात किती रक्त गेलं, कधी कधी चक्कर आली, त्या मंगळवारी कारखान्यात काय झालं. मधल्या दोरीचंही. त्यांना हे काही माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात लपवण्याचं काम एकटे मास्तर करत नव्हते. त्यांच्याकडे एक कागद होता, माझ्याकडे दीड वर्षाचे कपडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी त्यांना जरा वाजवूनच विचारलं, "माझा रिपोर्ट माझ्या नवऱ्याला कसा दिलात?" त्या म्हणाल्या, "चूक झाली. तुम्ही येत नव्हतात, फोनवर तुमचे मिस्टर बोलायचे. मी तुम्हालाच बोलवायला हवं होतं." सबबी न सांगता चूक कबूल करणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं, त्यामुळे माझी भांडायची तयारी वाया गेली.

मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कातडीच्या गोळ्या घेता हे माझ्या कागदात कुठेच का नाही?"

कारण मी सांगितलंच नव्हतं, ताई. "काही औषधं चालू?" या प्रश्नाला मी पहिल्या दिवशी "नाही" म्हटलं होतं. नव्या माणसाला पहिल्याच भेटीत चट्टे दाखवायला नकोत म्हणून पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून गेले होते, पोट तपासताना साडी तेवढीच सरकवली होती. त्यांनी माझं पोट नीट बघितलं नाही अशी तक्रार मी तुझ्याकडे करत होते. मी त्यांना बघू कुठे दिलं?

या वेळी दाखवलं. त्यांनी दिवा जवळ ओढला. पोट बघितलं, रेघ बघितली, मग म्हणाल्या, "आता पालथ्या व्हा." उलटी बाजूही बघितली, मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश. मला एकदम त्यांच्याबद्दल बरं वाटलं. मी रेघ कशी काढली ते ऐकून त्या आधी रागावल्या, जंतू गेले असते तर काय, पुन्हा असं करू नका म्हणाल्या, आणि मग थोडं हसल्या. म्हणाल्या, "पण माहिती उपयोगाची आहे." मोठा छेद घ्यायचा नाही असं ठरलं. दुर्बिणीतून करणार, चार बारीक छिद्रं, प्रत्येक अर्ध्या इंचाचं. चट्ट्यांवर एकही नाही. कातडीच्या डॉक्टरांशी त्या माझ्यासमोर फोनवर बोलल्या, स्पीकर लावून, मी मागितल्यावर. गोळीचं काय करायचं, छिद्रांवर नंतर कोणतं मलम, ते ठरलं. तिथे उठण्याची शक्यता आहे असं दोघांनी सांगितलं. उठलं तर चार ठिपके उठतील. चालतील.

त्यांनी पेन पुढे केलं. म्हणाल्या, "स्वच्छ जागा तुम्हालाच जास्त माहीत आहेत. दाखवा." मी पर्समधून माझा खडू काढला आणि माझ्या पोटावर चार फुल्या मारल्या. त्यांनी एक फुली बोटभर वर सरकवली. मला त्यांचं म्हणणं पटलं.

ऑपरेशन अठरा तारखेला, सकाळी आठला. मी हो म्हटलंय, स्वतः सही केली आहे. कुणी गोड बोलून करवलेली नाही. मला भीती वाटते, हे मी मास्तरांना सांगितलं, तुलाही सांगते. काढलेली पिशवी पुन्हा तपासायला जाणार आणि त्यात काय निघेल ते आज कुणालाच माहीत नाही. आईसारखं निघू शकतं. हे वाक्य लिहायला मला एक आठवडा लागला.

लेकीला कळवायचं की नाही यावर काल घरात बोलणं झालं. वन्सं म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे तिची." मास्तरांनीही मान हलवली. आणि माझ्याच तोंडून निघालं, "हो, कशाला तिला आत्ता." मग मी ऐकलं मी काय बोलले ते. लगेच फोन उचलला आणि तिला सगळं सांगितलं, आजीचंही. ती म्हणाली, "तरीच! बाबा मला दिवसातून तीनदा फोन करून जेवलीस का विचारतात. मला वाटलं तुमचं भांडण झालंय." बघ, तिनेही शिवायला घेतलंच होतं.

तर आता तुझं काम. सतरा तारखेला ये. गुडघे घेऊन ये, आमच्याकडे जिना नाही. गादी कडक आहे, वन्संना विचार. अठराला तू बाहेर बसशील. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कागदावर लिहून दिलंय की नंतरचा रिपोर्ट फक्त माझ्या हातात द्यायचा, आणि तसा तो देतील. पण ऑपरेशन संपल्यावर त्या बाहेर येऊन काय दिसलं ते सांगतील, तेव्हा मी गुंगीत असेन. ते तू ऐकायचं. मास्तर ऐकतील आणि पुन्हा उत्तरपत्रिका शोधायला लागतील. तू ऐक, आणि मी डोळे उघडले की आधी मला सांग. पाणी द्यायच्या आधी. "अगं, काही नाही" असं सुरू केलंस तर मी टाक्यांसकट उठेन.

चांगलं असेल तर चांगलं सांग. वाईट असेल तर वाईट सांग, त्याच आवाजात. माझा हात धरलास तरी चालेल, नाही धरलास तरी चालेल, पण तोंड फिरवू नकोस. आईच्या वेळी तू सगळं एकटीने गिळलंस, दीड वर्ष आणि वर चार वर्षं. मला ते आत्ता कळतंय. या वेळी अर्धं माझ्याकडे दे.

कातर अजून सापडलेली नाही. वन्सं म्हणतात की आपण कुठे ठेवली ते खरंच विसरलो. यावर मात्र माझा अजिबात विश्वास नाही.

अंगावर उठेल ते उठू दे.

सगळं ऐकायला तयार असलेली
तुझी धाकटी